लस आहे, नेणारे कोण?

पुण्याला लशींचे शहर म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. हडपसरमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डच्या कोट्यवधी मात्रा देशभर गेल्या. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था इथलीच. तिने प्रयोगशाळेत वेगळ्या काढलेल्या विषाणूपासून हैदराबादच्या भारत बायोटेकने कोव्हॅक्सिन तयार केली. ओमायक्रॉनसाठी बेतलेल्या ज्या एमआरएनए लशीला जून २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तीही पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीची.

अशा शहरात राहणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला लस मिळणे अवघड का असावे? कोथरूडमधल्या दवाखान्यात पंचवीसहून अधिक वर्षे बसल्यावर मला याचे उत्तर थोडेफार उमगले आहे. हडपसरहून कोथरूडला लस यायला, वाहतुकीची कोंडी धरूनही, दीड-दोन तास पुरतात. पण कोथरूडच्या एखाद्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरून त्या माणसाला खाली उतरवून लशीपर्यंत नेण्यास कधीकधी सहा महिने लागतात. कोणीतरी दिवस ठरवावा लागतो, कोणीतरी रिक्षा बोलवावी लागते, कोणीतरी जिन्यात हात धरावा लागतो आणि नंतरचा अर्धा तास शेजारी बसावे लागते. हे ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, याचा विचार आपण कोविडच्या काळात केला होता. पुढे तो विसरलो. तो पुन्हा करावा, यासाठी हे लिहीत आहे.

रांगेतली माणसे आणि रांगेबाहेरची

महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले आणि त्यांना नायडू रुग्णालयात दाखल केले गेले. दहा महिन्यांनी, १६ जानेवारी २०२१ रोजी, देशात लसीकरण सुरू झाले. पहिला मान आम्हा वैद्यकीय क्षेत्रातल्या लोकांचा होता. १ मार्चपासून साठीपुढील सर्व नागरिक आणि ४५ ते ५९ वयातील सहव्याधी असलेले लोक पात्र ठरले. सरकारी केंद्रावर लस मोफत होती, खासगी रुग्णालयात २५० रुपये घेतले जात. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना ती खुली झाली.

त्या मार्च महिन्यात माझ्या दवाखान्यात आजारापेक्षा लशीच्याच गोष्टी जास्त होत. नोंदणी कोविन या संकेतस्थळावर करायची. एका मोबाइल क्रमांकावर चौघांची नावे घालता येत. ज्यांच्या घरी तरुण माणूस होता, त्यांचे काम पाच मिनिटांत झाले. पण आमच्या भागात अशी घरे पुष्कळ आहेत, जिथे दोघेच वृद्ध राहतात आणि मुले न्यू जर्सीला किंवा बंगळुरूला असतात. मुलगा तिकडून रात्री जागून इथली सकाळची वेळ शोधून काढी, पण ओटीपी येई तो इथल्या फोनवर. फोन स्वयंपाकघरात, चष्मा बाहेरच्या खोलीत. आकडे वाचून होईपर्यंत मुदत संपलेली असे. मग पुन्हा पहिल्यापासून.

एका सोसायटीत दोन महाविद्यालयीन मुलांनी यावर साधा उपाय केला. साठीपुढच्या सर्व रहिवाशांची यादी एका वहीत केली, रोज संध्याकाळी एकेका घरी जाऊन नोंदणी करून दिली आणि ज्यांना एकटे जाणे जमणार नाही त्यांच्या नावापुढे सोबत कोण जाणार, तेही लिहिले. त्या वहीतल्या शेवटच्या रकान्याला मी फार महत्त्व देते. नोंदणीमुळे लशीची वेळ मिळे, पण प्रत्यक्ष माणूस केंद्रावर पोहोचे तो या रकान्यामुळे.

ज्यांच्या बाबतीत तो रकाना रिकामा राहिला, अशांपैकी एकांची आठवण मला अजून होते. सत्तरी ओलांडलेले, एकटे राहणारे निवृत्त शिक्षक. मधुमेह होता, पण गोळ्या वेळेवर घेत. मार्चमध्ये मी विचारले तेव्हा म्हणाले, “गर्दी ओसरू द्या, मॅडम. मुलगाही येणार आहे पंधरा दिवसांत. तो आला की जाऊ.” त्यांचे म्हणणे अगदीच अवाजवी नव्हते. केंद्रांवर खरोखर गर्दी होती आणि गर्दीतच संसर्ग होईल, ही भीतीही खोटी नव्हती. नंतर प्रवासावर बंधने आली आणि मुलाचे येणे लांबले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना ताप आला. त्या दिवसांत पुण्यात प्राणवायूची सोय असलेली खाट मिळवणे किती कठीण झाले होते, ते वाचकांना सांगायला नको. नवव्या दिवशी ते गेले. पुढे मुलाने कोविनवर पाहिले, तर नाव नोंदवलेले होते. वेळ निवडायची राहिली होती.

मार्चमध्ये एक मात्रा घेतली असती तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. पहिल्या मात्रेनंतर संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि ते पूर्णही नसते. पण वाचण्याची शक्यता वाढली असती, हे निश्चित. वृद्धापकाळात औषधोपचाराचा बराचसा भाग शक्यता वाढवण्याचाच असतो. त्या शक्यतेच्या आणि त्यांच्या मध्ये फक्त एका सोबत्याची उणीव होती.

सेवा करणाराच मागे राहतो

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा प्रश्न आणखी निराळा. माझ्या ओळखीच्या एका घरी काका पक्षाघातामुळे चार वर्षे अंथरुणावर होते आणि त्यांचे सर्व काही काकू एकट्या करीत. काकूंचे वय बहात्तर. त्या स्वतः पूर्णपणे हिंडत्या-फिरत्या, केंद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर, तरीही मे महिना उजाडला तरी त्यांनी लस घेतली नव्हती. कारण विचारल्यावर म्हणाल्या, “अहो डॉक्टर, यांना एकटे टाकून मी तीन तास कुठे जाऊ? मधेच यांना कूस बदलायची असते.”

घरातल्या रुग्णाची चिंता सगळे करतात. रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. काका घराबाहेर पडत नव्हते. त्यांच्यापर्यंत विषाणू पोहोचला असता तर तो काकूंच्या किंवा सकाळी येणाऱ्या मावशींच्या श्वासातूनच. म्हणजे त्या घरात लशीची सर्वांत निकड होती ती या दोघींना. शेवटी समोरच्या घरातल्या दोन सुनांनी आळीपाळीने काकांजवळ बसण्याचे कबूल केले आणि काकू सकाळी लवकर जाऊन लस घेऊन आल्या. मावशींना पुढच्या आठवड्यात पाठवले.

काकांचे काय? तोवर घरी जाऊन लस देण्याची परवानगीच नव्हती. २७ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने ज्येष्ठ व दिव्यांग नागरिकांसाठी ‘घराजवळची केंद्रे’ उघडण्याच्या सूचना दिल्या. त्यामुळे सोसायटीच्या सभागृहात किंवा शाळेत केंद्र चालवणे शक्य झाले, पण जो माणूस खुर्चीतही बसू शकत नाही, त्याचा प्रश्न तसाच राहिला. हा विषय मुंबई उच्च न्यायालयात गेला. जूनअखेरीस राज्य शासनाने न्यायालयाला सांगितले की अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरी जाऊन लस देण्याचा प्रयोग पुण्यापासून सुरू करू. केंद्राने अशा घरपोच लसीकरणाला सप्टेंबर २०२१ मध्ये देशभरासाठी मान्यता दिली आणि नोव्हेंबरमध्ये ‘हर घर दस्तक’ ही मोहीम निघाली.

घरपोच लस ऐकायला सोपी वाटते, पण तिच्यात एक अडचण होती. कोविशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा असतात. कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एका रुग्णासाठी कुपी उघडली तर नऊ मात्रा वाया जाण्याची भीती. म्हणून एकाच परिसरातल्या आठ-दहा अंथरुणग्रस्त रुग्णांची यादी हवी, त्यांचे दाखले हवेत आणि पथकाने चार तासांत सगळ्यांकडे फिरून यायला हवे. त्या पावसाळ्यात मी असे अनेक दाखले लिहिले. यादी जमवली ती मात्र परिसरातल्या लोकांनीच. भाजीवाल्याला, मेडिकलवाल्याला, ब्युरोमार्फत येणाऱ्या परिचारकांना विचारून. शेजारच्या इमारतीत तीन वर्षे एक आजी अंथरुणावर आहेत, हे कित्येकांना तेव्हा प्रथम कळले. पावसाळा संपता संपता पथक आले आणि काकांना लस मिळाली.

भीतीला उत्तर द्यावे, हसू नये

घरातली सोबत मिळाली, तरी पुष्कळदा पाऊल अडते ते भीतीपाशी. या भीतीला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरे तपासण्यासाठी जी सक्ती झाली, तिने लोकांच्या मनात आजाराइतकीच दहशत बसवली होती. त्याच वर्षी मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. शरीराला हात लावण्यापूर्वी माणसाला विचारावे लागते, समजावून सांगावे लागते, आणि तो ‘नको’ म्हणाला तर ते ‘नको’ ऐकून घ्यावे लागते. वयाच्या ऐंशीव्या वर्षीही हा हक्क संपत नाही. “बाबांना काही सांगू नका, बी-१२ चे इंजेक्शन आहे म्हणा,” असे सांगणारी मुले मला भेटतात. मी तसे करीत नाही. एकदा फसवलेला माणूस पुढच्या वर्षी दंड पुढे करीत नाही.

दवाखान्यात वारंवार येणारे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देते.

“रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, लस चालेल का?” बहुतेकांना चालते. गोळ्या बंद करू नयेत. बारीक सुई वापरावी आणि टोचलेली जागा न चोळता दोन-तीन मिनिटे घट्ट दाबून धरावी. लस देणाऱ्याला आधी सांगावे, एवढेच.

“कोविशील्डने रक्ताच्या गुठळ्या होतात, असे वाचले.” २०२४ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधल्या न्यायालयीन खटल्याची बातमी आल्यावर हा प्रश्न कित्येकांनी विचारला. गुठळ्या आणि त्याबरोबर बिंबिका कमी होणे, हा दुष्परिणाम खरा आहे आणि तो २०२१ पासूनच वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. तो अतिशय विरळा आहे आणि लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो. तीन-चार वर्षांपूर्वी घेतलेल्या लशीमुळे आज तो होण्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

“तरुण माणसे अचानक जातात, ती लशीमुळेच ना?” भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १८ ते ४५ वयोगटातील अशा आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लशीमुळे हा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही, उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी होता. पूर्वी कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, घराण्यात आकस्मिक मृत्यूचा इतिहास असणे, मद्यपान आणि अचानक केलेले अतिश्रम यांचा संबंध मात्र दिसून आला.

“लस घेऊनही ताप आलाच, मग उपयोग काय?” हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतले तर ‘बूस्टर’ म्हणजे काय हेही समजते. श्वसनमार्गाच्या विषाणूंविरुद्धची लस संसर्ग पूर्णपणे थोपवू शकतेच असे नाही. तिचे मोठे काम आजार फुप्फुसांपर्यंत आणि रुग्णालयापर्यंत जाऊ न देणे. शिवाय हे संरक्षण काही महिन्यांत ओसरत जाते आणि विषाणूही रूप बदलतो. वय जितके जास्त, तितकी ही ओसरण लवकर. घराला एकदा रंग दिला म्हणून तो जन्मभर टिकत नाही, तसेच हे आहे.

रांग मोडली ती तिसऱ्या मात्रेपाशी

१० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठीपुढील नागरिक यांना तिसरी, म्हणजे ‘प्रिकॉशन’ मात्रा मिळू लागली. १६ मार्चपासून साठीपुढील सर्वांना आणि १५ जुलै ते ३० सप्टेंबर २०२२ या काळात १८ वर्षांवरील सर्वांना ती सरकारी केंद्रांवर मोफत होती. पण २०२१ ची रांग पुन्हा दिसली नाही. ओमायक्रॉनची लाट तुलनेने सौम्य गेली, लोक कामाला लागले, सोसायटीतल्या त्या वह्या रद्दीत गेल्या. ज्यांना कोणी पुन्हा आठवण केली नाही, त्यांत वृद्धच अधिक होते.

आज कोविडच्या लशीची सार्वत्रिक सरकारी मोहीम चालू नाही आणि खासगी रुग्णालयांतही ती सहज मिळत नाही. ब्रिटन, अमेरिका यांसारख्या देशांत वयोवृद्धांना ती ठरावीक काळाने पुन्हा दिली जाते. मुलांकडे तिकडे जाणाऱ्या आई-वडिलांपैकी काहीजण तिथे ती घेऊन येतात. तसे असेल तर लशीचे नाव आणि तारीख असलेला कागद जपून आणावा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवावा. इथे राहणाऱ्यांपैकी कर्करोगाचे उपचार चालू असलेले, मूत्रपिंड बदललेले किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी मात्र कोविडच्या लशीविषयी आपल्या तज्ज्ञांना अवश्य विचारावे. बाकीच्यांनी याबद्दल फार घोर लावून घेऊ नये. त्यांच्या हाती आज एक दुसरी, सहज मिळणारी आणि दरवर्षी घ्यावयाची लस आहे, आणि नेमकी तीच आपण विसरतो. ती म्हणजे फ्लूची.

पालखी येण्याआधी

पुण्याला फ्लूची ओळख नव्याने करून देण्याची गरज नसावी. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने झालेला देशातला पहिला मृत्यू पुण्यातला होता. नायडू रुग्णालयासमोरची तपासणीची गर्दी, तोंडाला बांधलेले रुमाल, बंद झालेल्या शाळा, हे सारे आपण कोविडच्या अकरा वर्षे आधी पाहिले होते. तो विषाणू नाहीसा झाला नाही. आता तो दरवर्षीच्या फ्लूचाच एक भाग झाला आहे आणि म्हणूनच फ्लूच्या वार्षिक लशीत त्याचाही समावेश असतो. स्वाइन फ्लूची वेगळी लस शोधत हिंडण्याची गरज नाही.

फ्लू म्हणजे तीन दिवसांची सर्दी, हा समज तरुणांपुरता ठीक आहे. सत्तरीनंतर फ्लूतून न्यूमोनिया होतो, मधुमेह बिघडतो, अशक्तपणामुळे माणूस न्हाणीघरात पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. हृदयाचेही तसेच. कॅनडातील एका अभ्यासात, फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीपेक्षा सुमारे सहा पट आढळला. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातले वृद्ध ‘साध्या तापानंतर खचले’ असे आपण म्हणतो, त्या साध्या तापात फ्लूचा वाटा बराच असतो.

फ्लूचे विषाणू सतत बदलतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते उपप्रकार असावेत हे सुचवते. आपण उत्तर गोलार्धात राहतो, पण पुण्यात फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये येतो आणि एक लहानसा हिवाळ्याच्या अखेरीस. त्यामुळे आपल्याला पावसाळ्यापूर्वी घेतलेली त्या वर्षाची नवी लस उपयोगी पडते. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात.

वृद्धांना मी ही वेळ सांगते ती तारखेने नव्हे. अक्षय्य तृतीया झाली की विचारायला लागा, आणि ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येण्याआधी लस घेऊन मोकळे व्हा. पालखीच्या दर्शनाला गर्दी असते, पाऊस सुरू झालेला असतो आणि मुलांच्या शाळाही उघडतात. नातवंडे शाळेतून सर्दी-ताप घरी आणतात, आजी-आजोबा त्यांना मांडीवर घेतात. याला इलाज नाही आणि असूही नये. आजी-आजोबांनी त्याआधी लस घेतलेली असावी, इतकेच. पालखीपूर्वी राहिली तर पावसाळ्यातही घ्यावी. उशिरा घेतलेली लस न घेतलेल्या लशीपेक्षा केव्हाही बरी.

नेहमीच्या फ्लूच्या इंजेक्शनात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे त्या लशीने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखणे, एखादा दिवस कणकण वाटणे एवढे चालते. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनाही ती घेता येते. पूर्वी या लशीनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल किंवा सहा आठवड्यांच्या आत गियाँ-बारे हा चेतासंस्थेचा आजार झाला असेल, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याखेरीज घेऊ नये. अंगात ताप असेल तर तो उतरू द्यावा. त्याच भेटीत न्यूमोकॉकल, म्हणजे लोक ज्याला न्यूमोनियाची लस म्हणतात, तिच्याबद्दलही विचारून घ्यावे. ती दरवर्षी घ्यावी लागत नाही आणि दोन्ही एकाच दिवशी दोन दंडांत देता येतात. नागिणीची लसही आता मिळते. तिच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने असतात, पण ती महाग आहे. खर्चाची ओढाताण असेल तर पहिला क्रम फ्लूच्या लशीला द्यावा. महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात चौकशी करण्यातही संकोच नसावा. अतिजोखमीच्या व्यक्तींसाठी काही वेळा तिथे लस उपलब्ध असते.

घराघरांत करण्यासारखे

बालकांच्या लसीकरणाला आपल्याकडे सुरेख व्यवस्था आहे. बाळाचे कार्ड असते, अंगणवाडी आठवण करते, आशाताई दारात येतात. वृद्धांच्या लशीसाठी असे कोणी दारात येत नाही. म्हणून ही व्यवस्था घराने आणि शेजाराने उभी करावी लागते, आणि ती करणे कठीण नाही.

घरातल्या प्रत्येक ज्येष्ठासाठी एक छोटी वही करावी. त्यात लशीचे नाव, तारीख, कुपीवरील बॅच क्रमांक आणि पुढच्या वेळेचा महिना लिहावा. मोबाइलमधले प्रमाणपत्र असू द्यावे, पण तातडीच्या वेळी रुग्णालयात वही आधी सापडते.

जो दरवर्षी सोबत जाणार, त्याचे नाव आधीच ठरवावे. परगावच्या मुलांनी पैसे पाठवून थांबू नये. शेजारच्या एखाद्या दादाला किंवा वहिनींना स्वतः फोन करून, “आईला एवढ्या शनिवारी घेऊन जाल का?” असे विचारावे. अशा विनंतीला नाही म्हणणारा शेजारी मला क्वचितच दिसला आहे. न विचारल्यामुळे राहिलेल्या लशी मात्र पुष्कळ पाहिल्या आहेत.

लस मेडिकलमधून आणून डॉक्टरांकडे न्यायची असेल तर ती बर्फाच्या पाकिटासह, थंड डब्यातून आणावी. दोन ते आठ अंश तापमानात राहिली तरच ती कामाची. उन्हातून पिशवीत घालून आणलेली लस मी परत पाठवते. लस घेतल्यावर पंधरा मिनिटे ते अर्धा तास तिथेच बसावे. उपाशी जाऊ नये, सैल बाह्यांचा सदरा किंवा झंपर घालावा, पाण्याची बाटली आणि चालू औषधांची यादी जवळ ठेवावी.

वृद्धाची सेवा करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःही लस घ्यावी. यात सून, मुलगी, पत्नी आली, तशाच घरकामाच्या मावशी आणि ब्युरोचे परिचारकही आले. त्यांच्या लशीचा खर्च घराने करावा. तो उपकार नाही, त्या वृद्धाच्या औषधोपचाराचाच भाग आहे.

आणि ज्येष्ठ नागरिक संघांना एक आग्रहाची विनंती. आपण सहली काढता, भजने म्हणता, वाढदिवस साजरे करता. दर वर्षी मे महिन्यातली एक सभा लशीसाठी राखून ठेवा. एखाद्या डॉक्टरांना बोलवा, प्रश्न विचारू द्या, आणि शेवटी वही फिरवून त्यात तो जुना रकाना पुन्हा आखा. सोबत कोण जाणार? सभेला जे येऊ शकत नाहीत, त्यांची नावे त्या वहीत सर्वांत वर असावीत.

या वर्षीचे कालनिर्णय घरात भिंतीवर असेलच. आज त्यातले मे आणि जूनचे पान उघडा, पालखी केव्हा आहे ते पाहा आणि तिच्या तीन आठवडे आधीच्या एका शनिवारी दोन नावे लिहून ठेवा. एक लस घेणाऱ्याचे आणि दुसरे त्याला नेणाऱ्याचे.